रायफल दस्त्यात बसेना

आमच्या संचालनालयाच्या कर्मचारी क्रीडा स्पर्धेत मी नेमबाजीसाठी नाव दिलं, ते आवडीपोटी नव्हे. कॅरम, बॅडमिंटन आणि लिंबू-चमचा या तिन्ही खेळांतल्या जागा भरल्या होत्या आणि आमच्या शाखेतून एक तरी महिला पाहिजे, असा वरून निरोप होता. मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते. माझं काम म्हणजे खालून आलेल्या फायलींतल्या त्रुटी काढून त्या परत पाठवणं. नवा रायपूरच्या त्या इमारतीत माझ्याइतक्या त्रुटी कोणी काढत नसे, आणि हे मी अभिमानाने सांगत असे.

सरावासाठी एका खासगी रेंजवर जायचं होतं. तिथे शिकवायला एक निवृत्त हवालदार होते. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मैडम, आपका हाथ अच्छा है. अपनी रायफल ले लीजिए." एवढं एक वाक्य मला पुरलं. घरी किंवा ऑफिसात माझ्या हाताबद्दल चांगलं कोणी बोललेलं मला आठवत नव्हतं.

तयार एअर रायफलीसाठी तीन महिने थांबावं लागणार होतं. किट मात्र लगेच मिळत होतं. ही छऱ्यांची रायफल होती, निशाण्याच्या सरावाची. तिला परवाना लागत नाही, असं दुकानदाराने बिलावरच लिहून दिलं होतं. स्प्रिंगचा भाग कारखान्यातून बंद होऊनच आला होता आणि त्याला हात लावू नये अशी सूचना तीन भाषांत छापली होती. बाकी सगळं आपण जोडायचं. लाकडी दस्ता, ट्रिगरभोवतीची कडी, दोन पिना, चार स्क्रू, निशाणा धरायची मागची साइट. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की साधारण बुद्धीच्या माणसाला हे काम अर्ध्या तासात जमतं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरली आणि कामाला लागले. दस्त्याला वरून एक लांब खाच होती. नळीसकट तो लोखंडी भाग त्या खाचेत बसायला हवा होता. तो बसेना. पुढून दोन सूत वरच राहत होता. मागून दाबला की पुढून उठायचा, पुढून दाबला की मागून. पिनांचं तर त्याहून वाईट. पहिली पिन अर्धी आत जाऊन अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

नवरा सोफ्यावर बसून पाहत होता. तो वीज कंपनीत इंजिनियर आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याचं मत तयार असतं.

"तुले कागद नीट वाचता येत नाही," तो म्हणाला. "हे असं हातानं बसत नसते. ठोकावं लागते."

"कागदावर ठोका असं लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिहून थोडीच राहतील ते."

त्याने रबरी हातोडा आणला. पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या ठोक्याला दस्त्याच्या मागच्या बाजूने बोटभर लांब ढलपी उडाली आणि फ्रिजखाली गेली. नवऱ्याने हातोडा चादरीवर ठेवला. मग तेलीबांध्याच्या तलावावर एक चक्कर मारून येतो, असं सांगून तो बाहेर पडला. एरवी तो पायी दूध आणायलाही जात नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. माझ्या सासऱ्यांचे मित्र. सासरे गेले तरी काका दर गुरुवारी सासूबाईंची विचारपूस करायला येतात. मूळचे वर्धेकडचे. उरला-बीरगांवच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. आता वय अठ्ठ्याहत्तर आणि उजवा हात सतत थरथरतो. आमच्या चौबे कॉलनीत कोणाचा मिक्सर बिघडला तरी आधी काकांना दाखवतात, कारण ते पैसे घेत नाहीत आणि बोलतातही कमी.

मी फ्रिजखालची ढलपी काढली, ती पेढ्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली, आणि दस्ता व लोखंडी भाग चादरीत गुंडाळून काकांकडे गेले.

काकांनी चष्मा बदलला. दस्ता उलटापालटा करून पाहिला. "हातोडा काहून मारला, सूनबाई?"

"मी नाही मारला."

"हं," ते म्हणाले. कोणी मारला ते विचारलं नाही. "आता सांग, हे कुठं अडकून राहिलं?"

"पुढे. इथे, नळीच्या खाली."

"तुले कसं समजलं?"

"तिथेच वर राहतं ना."

"वर तिथं राहते. अडकते कुठं, ते तुले माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी काजळ आहे का?"

मी काजळ लावत नाही. माझी मुलगी लावते, पण ते पेन्सिलीसारखं. लिपस्टिक चालेल का, असं विचारल्यावर काका म्हणाले, रंग लागला पाहिजे, मग काहीही चालते. म्हणून मी मुलीची लिपस्टिक आणली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. "मम्मी, वो वाली मत लो," ती आतून म्हणाली. मी तीच घेतली. काकांच्या सांगण्याप्रमाणे लोखंडी भागाच्या खालच्या बाजूला ती चोपडली, तो भाग खाचेत दाबला, काढला. लाकूड कोरं होतं. पुन्हा दाबला. पुन्हा कोरं. मग मुलीने सांगितलं की ही लिपस्टिक बारा तास कुठेच लागत नाही, कपाला नाही आणि कॉलरलाही नाही, आणि म्हणूनच ती महाग असते. लोखंडावरून ती काढायला मला रॉकेल लागलं.

शेवटी काजळ सासूबाईंकडे मिळालं. त्या अजूनही एरंडेलाच्या दिव्यावर घरीच धरतात. कशासाठी पाहिजे हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बंदुकीले दृष्ट लागते का कोणाची?" आणि डबी दिली.

काम असं होतं. लोखंडाला बोटाने काजळाचा पातळ हात द्यायचा. खाचेत अलगद बसवायचं, सरळ वर उचलायचं. लाकडावर जिथे काळा डाग पडला तिथेच ते घासतंय. तेवढाच डाग पटाशीच्या धारेने खरवडायचा, पापुद्र्याएवढा. पुन्हा काजळ, पुन्हा बसवणं. काकांच्या हाताने पटाशी धरवत नव्हती, त्यामुळे खरवडणं माझ्याकडे आणि बघणं त्यांच्याकडे. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास, काकांच्या पडवीत.

पहिला काळा डाग पडला तो पुढे नव्हताच. तो पार मागे, खाचेच्या कोपऱ्यात होता. कारखान्यातल्या कोणी वॉर्निश लावताना तिथे एक थेंब वाळू दिला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मागे त्या दाण्यावर लोखंड टेकायचं आणि पुढून उठायचं. मी पुढची जागा खरवडत बसले असते तर आयुष्यभर खरवडलं असतं.

"पाहिलं," काका म्हणाले. एवढंच. ऑफिसात मी असा प्रसंग किमान तीन परिच्छेदांत लिहिला असता.

पिनांचंही तसंच निघालं. पिनेच्या एका टोकाला बारीक रेघा कोरलेल्या असतात. ते टोक शेवटी आत जायला हवं, म्हणजे तिथे ती घट्ट धरून राहते. मी तेच टोक आधी घातलं होतं. शिवाय भोकात रंग साचला होता. काकांनी मला जुनी पितळी काडी दिली, तिने उलट्या बाजूने हलके ठोकून पिन बाहेर काढायला लावली, भोक साफ करायला लावलं, आणि पिनेची दिशा बदलली. ती बोटाने अर्ध्यावर गेली आणि पुढे दोन टिचक्यांत बसली. चार स्क्रूही त्यांनी एकदम कसू दिले नाहीत. आधी सगळे सैल लावायचे, मग पाळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळला की बाकीच्यांची भोकं सरकतात. मला वाटलं होतं भोकंच चुकीची पाडली आहेत. किट विकणाऱ्याला पाठवायचं तक्रारीचं पत्र माझं तयारही होतं.

मधे पोलीसही येऊन गेला. आमच्या सोसायटीतल्या कोणीतरी फोन केला होता की मागच्या गल्लीत बंदूक बनवली जात आहे. एक कॉन्स्टेबल मोटारसायकलवरून आला. पडवीत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका, हाताला काजळ लागलेली मी, आणि मधे लाकडाचा तुकडा. त्याने बिल वाचलं, फोटो काढून साहेबाला पाठवला, साहेबाचा होकार येईपर्यंत खुर्चीवर बसला.

"दीदी, ये काजल किसलिए?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याचे वडील सुतार निघाले. तो म्हणाला, पावसाळ्यात लाकूड फुगतं, आता फार काढाल तर दिवाळीनंतर ढिलं होईल. काकांनी मान हलवली. तो बरोबर बोलून राहिला, असं त्यांनी तो गेल्यावर कबूल केलं.

मी ते ऐकलं होतं. तरीही पुढच्या रविवारी, काका वर्ध्याला एका लग्नाला गेलेले असताना, मी घरी एकटीच बसून काम पुढे नेलं. रायफल तेव्हा जवळजवळ बसली होती, पुढे कागदाएवढीच फट राहिली होती. एक काळा डाग दिसला, खरवडला. दुसरा दिसला, खरवडला. हात बसला होता, लाकडाचा वास छान येत होता, आणि मला कोणी अडवत नव्हतं. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग रायफल बसवली तर ती अलगद खाली गेली, पूर्ण, आणि हलवली तर खुळखुळ वाजली.

तीन आठवडे जी बसत नव्हती ती आता खाचेत डोलत होती.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. काका परत आल्यावर मी दोन दिवस त्यांच्याकडे गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले ते उत्तर ठरवून. पाऊस कमी झाला, लाकूड सुकलं, म्हणून सैल झालं असावं, असं मी सांगणार होते. माझ्या हाताखालचे लोक मला नेमकं असंच सांगतात आणि मी एका ओळीत ते फेटाळते. काकांनी दस्ता हातात घेतला, खाचेवरून अंगठा फिरवला. त्यांनी काही विचारण्याआधीच माझ्या तोंडून निघालं, "काका, माझ्याकडून जास्त निघालं. तुम्ही नसताना केलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं रागावले. मग त्यांनी दस्ता मांडीवर ठेवला.

"चाळीस वर्षं लोकं माझ्याकडे बिघडलेला माल आणत होते," ते म्हणाले. "सगळे म्हणत, साहेब, हे असंच आलं. आजवर कोणी म्हटलं नाही का माझ्याकडून जास्त निघालं. मीही नाही म्हटलं."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात एका गिअरबॉक्सचं पितळी बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारं कडं, तयार करायचं होतं. लेथवर काम करणारा एक स्थानिक कारागीर होता, काकांच्या बरोबरीचा. सकाळभर त्याने ते बुश केलं. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा काकांनी ते शाफ्टवर चढवून पाहिलं. केसाएवढं घट्ट होतं. काका नवेच फोरमन झाले होते, साहेब पाहायला येणार होते. त्यांनी स्वतः लेथवर हात मारला आणि जास्त निघालं. बुश त्यांनी परत त्याच्याच टेबलावर ठेवलं. संध्याकाळी मशीन सुरू केली तर आवाज आला, आणि ज्याचं टेबल त्याची चूक, असं ठरलं. त्याला लेथवरून काढून माल चढवायच्या यार्डात टाकलं. वर्षभराने तो नोकरी सोडून गेला.

"तो काही बोलला नाही का?" मी विचारलं.

"नाही बोलला. तेच तर."

"कुठे असतो आता?"

"बीरगांवले. पिठाची चक्की आहे म्हणतात." काकांनी मांडीवरचा दस्ता खाली ठेवला. "मी रिटायर झाल्यापासून त्या बाजूले गेलो नाही."

रायफलीचं काम त्यानंतर आठवड्याभरात झालं. काकांनी सागाच्या पातळ पापुद्र्याच्या पट्ट्या मागवल्या, त्या खाचेत चिकटवायला लावल्या, आणि पुन्हा काजळापासून सुरुवात. उडालेली ढलपीही डब्यातून काढून त्याच गोंदाने बसवली. सांधा दिसतो. नवरा तो पाहुण्यांना दाखवतो आणि सांगतो की किटमध्येच खोट होती.

शेवटचा स्क्रू आवळून झाला तेव्हा काकांनी रायफल हातात घेतली नाही. म्हणाले, "मले बीरगांवले नेशील का?"

पुढच्या शनिवारी आम्ही माझ्या गाडीतून गेलो. चक्की शोधायला वेळ लागला नाही, त्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एकच होती. चक्कीवाला कमरेपर्यंत पिठाने पांढरा झालेला, काकांहून थोडा लहान दिसणारा. त्याने काकांना ओळखलं, स्टूल पुढे केलं, मशीन चालूच ठेवली. काकांना त्या आवाजात ओरडून सांगावं लागलं. मला ते ऐकवेना. चाळीस वर्षं न बोललेली गोष्ट आणि ती अशी ओरडून. दळणाला आलेल्या दोन बायकाही ऐकत होत्या.

निम्म्यातच त्याने बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"मैं तो समझत रहेंव के मोरे हाथ ले बिगड़िस," तो छत्तीसगढीत म्हणाला. म्हणजे इतकी वर्षं तो धरून चालला होता की ते त्याच्याच हातून बिघडलं. सकाळी त्याला बायकोच्या आजारपणाची काळजी होती, त्यात माप चुकलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. लेथला पुन्हा हात लावायची त्याची हिंमत झाली नव्हती. म्हणून चक्की.

काकांनी मान खाली घातली.

"कितना ज्यादा कटे रहिस?" त्याने विचारलं.

काकांनी माप सांगितलं. इतक्या वर्षांनी त्यांना ते पाठ होतं.

त्याने आपले हात पाहिले, एकदा उलटे, एकदा सुलटे. "अतका तो मैं कभू नइ काटतेंव," तो म्हणाला. एवढं मी कधीच काढलं नसतं. तो हे रागाने बोलला नाही. उलट त्याचा चेहरा किंचित सैल झाल्यासारखा वाटला. मग मात्र त्याने आमच्याकडे पाठ केली आणि हिंदीत म्हणाला, "अब आप लोग जाइए. ग्राहक खड़े हैं."

परतताना मी गाडीत काकांची समजूत घालायच्या भानगडीत पडले नाही. मला समजुतीचं वाक्य सुचत होतं, पण ते मसुद्यासारखं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी स्पर्धा झाली. रायफल कव्हरमध्ये घालून, छऱ्यांची डबी घेऊन मी वेळेच्या आधी पोहोचले. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने नियमांचा कागद माझ्यापुढे सरकवला. सर्वांना समान संधी मिळावी म्हणून स्पर्धकांनी फक्त आयोजकांच्याच रायफली वापराव्यात. परिपत्रक आमच्याच संचालनालयातून निघालं होतं. खाली तपासल्याची सही माझी होती. क्रीडा स्पर्धेच्या फायलीत मी त्या वर्षी सात त्रुटी काढल्या होत्या आणि हे कलम मीच घालायला लावलं होतं, हे मला सही पाहिल्यावर आठवलं.

आयोजकांची रायफल ढिली होती. मागची साइट हलत होती. चार महिलांमध्ये माझा तिसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर माझं पद चुकीचं छापलं आहे. मी ते परत पाठवलं नाही.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दारावर सायकलची घंटी वाजली. बीरगांवचा चक्कीवाला होता, धुतलेला शर्ट घालून. काकांच्या घराला कुलूप होतं आणि शेजारच्यांनी त्याला आमच्याकडे पाठवलं होतं. काका खरंच आमच्याकडेच होते, सासूबाईंना बीपीच्या गोळ्या आणून देऊन नुकतेच बसले होते. दोघं समोरासमोर बसले. कोणी कोणाची माफी मागितली नाही. मी आत-बाहेर करत राहिले आणि कान बाहेर ठेवले.

बराच वेळ ते फक्त जुन्या मशीनींबद्दल बोलले. कुठली भंगारात गेली, कुठली अजून चालते, कोण वारलं. मग त्याने टेबलाजवळ ठेवलेली रायफल पाहिली आणि विचारलं, "ये काय ए?" काकांनी सांगितलं, आमच्या सूनबाईने बसवली. त्याने ती उचलली, दस्त्याच्या कडेवरून नख फिरवलं, जिथे ढलपी चिकटवली होती तिथे थांबला, काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "ते मी नाही." नवरा उठून आत गेला.

चक्कीवाला हसला. त्या दुपारी तेवढाच.

सासूबाईंनी आतून विचारलं, पाहुणे जेवतील का. मी त्याला विचारलं. तो थोडा वेळ दाराकडे पाहत राहिला, जावं की थांबावं असं. मग म्हणाला, "हव, खा लूंगा." वरण, भात, भेंडीची भाजी होती. त्याने दोनदा भात घेतला. हात धुऊन सायकलकडे जाताना काका त्याच्या मागे गेले. फाटकाशी त्याने काकांना एवढंच सांगितलं, "अगली बार आना तो गेहूं लेके आना. खाली हाथ मत आना."

काका आता दर महिन्याला पाच किलो गहू घेऊन बीरगांवला जातात. एकटा माणूस, तेवढं पीठ त्यांना संपत नाही. उरलेलं आमच्याकडे येतं.